पंचगंगा ३९ फुटांवर गेली की युट्रेक्टमध्ये मेल येतो

पावसाळा लागला की बाहेर राहणाऱ्या कोल्हापूरकराच्या डोक्यात दोन आकडे फिरायला लागतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पण घरी फोन केला तर आकडा कधी मिळत नाही. आई म्हणते, "अगं, अजून जामदार क्लबपर्यंतच आलंय. तू जेवलीस का?" जामदार क्लब, मग गायकवाड वाडा, ही आमच्या भागाची मोजपट्टी, आणि तिथं राहणाऱ्याला ती पुरते. इथं नेदरलँड्समधल्या युट्रेक्टमध्ये बसून मात्र तिच्यावर भरवसा ठेवणं अवघड जातं, कारण आई आवाजात काळजी उतरूच देत नाही. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हाही फोनवर "सगळं बरं आहे" एवढंच ऐकलं होतं.

म्हणून एक छोटं वेब अ‍ॅप्लिकेशन बांधलं. दादा कोल्हापुरातून जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाने जाहीर केलेली पातळी फॉर्ममध्ये भरतो; ठरलेली अट पुरी झाली की बाहेर असलेल्या आम्हा सगळ्यांना मेल जातो. इथं माझी नोकरीही असल्याच कामाची आहे, गोदामांच्या सॉफ्टवेअरमधल्या सूचनांची. आमच्या टीममध्ये नवीन सूचना मांडली की पहिला प्रश्न येतो: हा मेल वाचून माणूस नेमकं काय करणार? उत्तर नसेल तर ती सूचना तिथंच रद्द. इथल्या लोकांची ही सवय मला फार आवडते.

सुरुवात आकड्यापासूनच करावी लागते. पातळी फूट-इंचात येते. ३९ फूट ११ इंच हे ३९.११ असं साठवलं तर संगणकाच्या हिशेबी ते ३९.७ पेक्षा, म्हणजे ३९ फूट ७ इंचांपेक्षा, कमी ठरतं. चढणारी नदी उतरताना दिसेल. त्यामुळे डेटाबेसमध्ये सगळं इंचात: इशारा ४६८, धोका ५१६. माणसाला दाखवताना पुन्हा फूट-इंच.

आता खरी अट. 'पातळी ३९ च्या वर आहे का' एवढंच विचारलं तर पाणी वर असेपर्यंत प्रत्येक नोंदीला मेल जाणार. पूर चार दिवस टिकला की माणूस ते उघडायचं सोडतो, आणि मग ४३ चा मेलही त्याच ढिगात पडून राहतो. म्हणून प्रत्येकाच्या प्रत्येक नियमासमोर (मेल कधी हवा, याची ज्याची त्याची अट) शेवटची अवस्था लिहून ठेवली आहे: सामान्य, इशारा, धोका. अवस्था बदलली तरच मेल. तेवढ्यानेही भागत नाही, कारण नदी रेषेवर घुटमळते. ३९ फूट, मग ३८ फूट ११ इंच, परत ३९ फूट १ इंच. यावर उपाय म्हणजे चढायची आणि उतरायची रेषा वेगळी ठेवायची. इशारा लागतो ३९ ला, पण उठतो ३८ फूट ६ इंचांना. मधल्या सहा इंचांत नदी काहीही करो, मेल जात नाही.

अटीवर चालणारी यंत्रणा आपल्याला काही नवी नाही. शाहू महाराजांनी उभारायला घेतलेल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पाणी ठरलेल्या उंचीला पोचलं की आपोआप उघडतात, प्रत्येकातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. पाणी उतरलं की आपोआप मिटतात. इकडे हूक ऑफ हॉलंडजवळ मास्लांटकेरिंग नावाचा, वादळात समुद्राचं पाणी अडवणारा तरता बांध आहे, १९९७ मध्ये पुरा झालेला. त्याची दोन दारं प्रत्येकी २१० मीटर लांब. रॉटरडॅमला पाणी त्यांच्या प्रमाण पातळीच्या ३ मीटर वर जाणार असा अंदाज आला की बंद करायचा निर्णय संगणकच घेतो, आणि डिसेंबर २०२३ च्या वादळात तो तसा घेतलाही. ते अवाढव्य लोखंड जवळून पाहताना माझ्या मनात राधानगरीच होती. राधानगरीचा दरवाजा पाणी आल्यावर उघडतो, हे दार पाणी यायच्या आधी मिटतं.

हा फरक मला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसाठी फार महत्त्वाचा वाटला. जुलैमध्ये तिथं गणपतीच्या मूर्ती अर्ध्या रंगलेल्या असतात. ३९ चा मेल आला तेव्हा त्यांना उशीर झालेला असतो. टेम्पो, माणसं, वरची जागा हे सगळं आधी जुळवावं लागतं. तिथला माझा एक शाळासोबती आता सिंगापूरला असतो, वडील अजून मूर्ती करतात. त्याचा नियम पातळीवर नाही, वेगावर आहे: पाणी ३५ फुटांच्या वर असेल आणि सहा तासांत दोन फुटांपेक्षा जास्त चढलं असेल तर लगेच मेल. आंबेवाडी-चिखलीच्या माणसाचा नियम आणखी वेगळा, त्याला जनावरं हलवायची असतात. सगळ्यांना एकच मर्यादा लावणं मला चुकीचं वाटतं.

पाठवण्याचा भाग सरळ आहे. फॉर्म सेव्ह होताना तिथंच मेल पाठवायचा नाही, रांगेत टाकायचा. दादाला फोनवरच्या कमी रेंजमध्ये ताटकळत ठेवायचं नाही. समोरच्या मेल सर्व्हरने ४०० च्या घरातला कोड दिला तर अडचण तात्पुरती, थोड्या वेळाने पुन्हा पाठवायचा. ५०० च्या घरातला आला तर थांबायचं आणि पत्ता तपासायचा. एका घटनेचा एका माणसाला एकच मेल, हे बंधन डेटाबेसमध्येच घातलंय. डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच आपल्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या नोंदी, लावून घ्याव्यात, नाहीतर धोक्याचा मेल स्पॅममध्ये जाऊन बसतो.

सगळ्यात जास्त विचार केला तो मेल न येण्याचा. रात्रभर काही आलं नाही याचे दोन अर्थ होतात: पाणी स्थिर आहे, किंवा कोल्हापुरात लाइट गेलीये आणि दादाचा फोन बंद पडलाय. बाहेर असलेल्याला यातलं कुठलं खरं हे कळत नाही, आणि दुसरं खरं असेल तर तीच सगळ्यात वाईट रात्र असते. म्हणून इशारा लागलेला असताना सहा तास नवी नोंद आली नाही तर त्याचाही मेल जातो. विषयात लिहिलेलं असतं: 'सहा तास नोंद नाही. शेवटची ४१ फूट ३ इंच, चढती, कोल्हापूरची वेळ पहाटे ४.' खाली दादाचा नंबर, शेजारच्या काकांचा नंबर आणि कोल्हापुरात असलेल्या कुणी लावायचा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.