ईस्ट बँकच्या फलाटावर

१७ फेब्रुवारी, मिनीॲपोलिस

आज सकाळी लेकीबरोबर तिच्या प्रयोगशाळेपर्यंत गेलो आणि परतीच्या दोन गाड्या समोरून जाऊ देत इथल्या शहरी रेल्वेच्या ईस्ट बँक स्थानकावर अर्धा तास नुसता उभा राहिलो. (ही बँक म्हणजे पेढी नव्हे, मिसिसिपी नदीने मिनेसोटा विद्यापीठाच्या आवाराचे दोन भाग केले आहेत, त्यांतल्या पूर्व काठावरचे हे स्थानक.) बाहेर उणे अठरा अंश होते आणि मिशीवर दहिवर जमले होते, पण पस्तीस वर्षे भुसावळ विभागात रुळांची देखभाल केलेल्या माणसाचा पाय असल्या ठिकाणाहून लवकर निघत नाही.

स्थानक ओळखण्याच्या ज्या खुणा मला ठाऊक, त्यांतल्या बहुतेक इथे नाहीत. आत शिरायला दरवाजा नाही, दारात तिकीट तपासनीस नाही. तिकीट यंत्रातून घ्यायचे, खिशात ठेवायचे आणि कोणी विचारलेच तर दाखवायचे. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना २०२२ पासून पासच मोफत आहे, त्यामुळे त्या फलाटावर यंत्रापुढे हातमोजे काढून धडपडणारा बहुधा मी एकटाच होतो. फलाट रस्त्यापासून जेमतेम दीड वीत उंच आणि गाडीचा तळही तेवढाच खाली, म्हणून चाकांची खुर्ची सरळ आत जाते. रूळ काँक्रीटमध्ये असे बसवले आहेत, की त्यांचा माथा रस्त्याच्या पातळीला येतो आणि पोरे पाठीवर पिशव्या अडकवून ते सहज ओलांडतात. खडी कुठेच दिसेना, तेव्हा घरात शिरून तुळशीवृंदावन न दिसल्यासारखे मला चुकचुकल्यासारखे झाले.

हे स्थानक ज्यावर आहे तो वॉशिंग्टन ॲव्हेन्यू पूर्वी मोटारींनी गजबजलेला रस्ता होता. गाडी बोगद्यातून न्यावी असा विचार आधी चालला होता. खर्चापायी २००८ मध्ये तो सोडून दिला आणि रूळ रस्त्यावरच टाकायचे ठरले. त्यासाठी आवारातल्या या पट्ट्यात २०११ साली खासगी मोटारी बंद झाल्या, आणि १४ जून २०१४ पासून मिनीॲपोलिस व सेंट पॉल या जुळ्या शहरांना जोडणारी, सुमारे अठरा किलोमीटरची ग्रीन लाइन इथून धावू लागली. आता तिच्या सोबतीला फक्त बस, सायकली आणि पायी चालणारे. या शहरांतल्या जुन्या ट्राम १९५४ मध्ये बंद झाल्या होत्या, म्हणजे मुंबईच्या ट्रामपेक्षा दहा वर्षे आधी. आमच्याकडे तिची आठवण ‘दादर टीटी’ (ट्राम टर्मिनस) या नावातल्या दोन अक्षरांपुरती उरली. इथे साठ वर्षांनी का होईना, रूळ परत आले.

ते सुखासुखी मात्र आले नाहीत, आणि मला खरे कुतूहल आहे ते याच प्रकरणाचे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्रयोगशाळा आहेत, आणि त्यांतली काही उपकरणे इतकी नाजूक, की जमिनीचा सूक्ष्म कंपही त्यांना चालत नाही. कंपापेक्षा अवघड दुखणे विजेचे. गाडी ७५० व्होल्टच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, प्रवाहावर चालते. ती पुढे सरकते तसा वरच्या तारेतून येणारा आणि रुळांतून परतणारा प्रवाह बदलतो, त्याबरोबर भोवतीचे चुंबकीय क्षेत्र हलते, आणि लेक ज्यावर काम करते त्या एनएमआर यंत्राची (चुंबकाच्या मदतीने रेणूंची रचना शोधणारे यंत्र) मोजणी बिघडू शकते. विद्यापीठाने २००९ मध्ये रेल्वे बांधणाऱ्या प्रादेशिक परिषदेविरुद्ध थेट न्यायालयात धाव घेतली. पुढच्या वर्षी तडजोड झाली, ती कंप आणि चुंबकीय त्रास किती होऊ द्यायचा याची मर्यादा ठरवून. मला यात विद्यापीठाचा आडमुठेपणा दिसत नाही. उलट, माझ्या उभ्या नोकरीत आम्ही रुळांची पातळी, वळण आणि गेज (दोन रुळांमधले अंतर) मिलिमीटरमध्ये मोजले, पण गाडी गेल्यावर शेजारच्या घरात काय होते हे आम्हांला कोणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही, याचीच थोडी लाज वाटली.

निवाऱ्यात डोक्यावर गरम दिवे आहेत. बटण दाबले की तांबडे होतात आणि काही वेळाने आपोआप विझतात. शेजारी उभी असलेली मुलगी पुस्तकातून नजर न काढता कोपराने ते बटण पुन्हा दाबत होती. तेवढ्यात पुलाकडून गाडी आली. तारेवर दहिवर धरले असावे, कारण तारेतून वीज घेणाऱ्या टपावरच्या पेंटोग्राफपाशी निळी ठिणगी तडतडत होती. आमच्याकडे असे दिसले असते तर मी लगेच फोन उचलला असता. गाडी सायकलवाल्याच्या चालीने, घंटा वाजवत आली. बूट रुळाजवळ ठेवून पाहिला, तर तळव्याला जेमतेम जाणीव झाली.

दुपारी लेक जेवायला बाहेर आली आणि आम्ही कॉफमन युनियन या विद्यार्थ्यांच्या इमारतीत खिडकीशी बसलो. समोरून तीन डब्यांची गाडी गेली तेव्हा मी चहाच्या कपात पाहत होतो. चहाचा कप म्हणजे काही एनएमआर नव्हे, हे मलाही कळते. तरी पाहिले, आणि साय हलली नाही.

“बाबा, काय बघताय?” लेकीने विचारले. मी तिला आमच्या रेल्वे क्वार्टरमधली भांडी ठेवायची मांडणी आठवते का, असे विचारले. पहाटेची मेल गेली की तिच्यावरची पितळेची भांडी किणकिणायची आणि तिची आई घड्याळ न बघता चुलीवर पाणी ठेवायची. तिला आठवत होते. एकदा गाडी चार तास उशिरा आली, तेव्हा त्या दिवशी सगळ्यांनाच उठायला उशीर झाला होता आणि तिची शाळा बुडाली होती, हे तिनेच वर सांगितले.