वरच्या माळ्यावरचे भाडेकरू आणि ‘सी फॉर्म’

नागपुरात नारा रोडवर, जरीपटक्यापासून जवळच आमचे घर आहे. 2018 साली वरचा माळा रिकामा झाला, तेव्हा शेजारच्या सिंधी दुकानदाराने तो आपल्या मावसभावाच्या कुटुंबासाठी मागितला. पाकिस्तानातील घोटकी जिल्ह्यातून नवरा-बायको, म्हातारी आई आणि दोन शाळकरी मुले, असे पाच जण थार एक्सप्रेसने जोधपूरला व तेथून नागपूरला आले होते. व्हिसा नागपूरचा, थोड्या मुदतीचा होता. परत जायचे नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत मोकळेपणाने सांगितले. सरकारकडून राहण्याची काही सोय होते का, असे मी दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, “काका, आमच्या आजोबांची झाली होती. आता ज्याची त्याने करायची.”

त्याचे म्हणणे खरे होते. जरीपटका ही वस्तीच मुळी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची. त्या काळी सरकारने छावण्या उघडल्या, कल्याणच्या लष्करी छावणीचे 1949 मध्ये उल्हासनगर झाले, आणि विस्थापितांची भरपाई व पुनर्वसन यांसाठी 1954 मध्ये स्वतंत्र कायदाही आला. पुढे विदर्भातच गोठणगावाजवळ 1972 मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. मात्र हे सारे त्या त्या गटापुरते, त्या त्या वेळच्या निर्णयाने झाले. 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि देशात निर्वासितांचा वेगळा कायदाही नाही. ब्रिटनमध्ये 1999 च्या कायद्यानुसार निराधार आश्रयार्थीला अर्जाचा निकाल लागेपर्यंत सरकार तात्पुरते घर देते. आपल्याकडे असा माणूस कायद्याच्या लेखी केवळ परदेशी नागरिक ठरतो. अर्थात पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजे बोलीभाषेत ‘एलटीव्ही’, मागता येतो, आणि त्यावरच त्यांचा पुढचा सगळा कारभार चालतो.

अडचण अशी की एलटीव्हीच्या अर्जाला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, आणि एलटीव्ही हाती नसलेल्या माणसाला घर देण्यास घरमालक तयार होत नाहीत. वस्तीतले काही जण भाडे रोखीने घेतात आणि कागद करून देत नाहीत. त्यामुळे डोक्यावर छप्पर असूनही भाडेकरूचा अर्ज अडून राहतो. आम्ही मात्र द्यायचे तर रीतसर द्यायचे, असे ठरवले. गल्लीत कुजबुज झालीच. “पाकिस्तानी ठेवले म्हणे,” असे सौभाग्यवतींना किराणा दुकानात ऐकावे लागले.

ओळखीच्या वकिलांनी पहिली शंका फेडली. पाकिस्तानी नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीविना येथे स्थावर मालमत्ता घेता येत नसली, तरी पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला ती अट लागू होत नाही. त्यानंतर ‘सी फॉर्म’ची पाळी आली. परदेशी व्यक्तीला घरात ठेवणाऱ्याने तिची माहिती चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या शहरात पोलिसांकडे, द्यावी लागते. हॉटेलवाले ती रोज देतात. मला आधी पोर्टलवर ‘निवासस्थान चालक’ म्हणून स्वतःची नोंद करावी लागली, ज्यात खोल्यांची संख्याही विचारली होती. मग पाच जणांचे पाच अर्ज, प्रत्येकाचा फोटो, पासपोर्ट आणि व्हिसा क्रमांक, भारतात आल्याची तारीख. अर्जाची घडण उघडच हॉटेलातल्या पाहुण्यासाठी केलेली होती. ‘किती दिवस राहणार’ आणि ‘येथून पुढे कोठे जाणार’ या रकान्यांपाशी मी थबकलो. खुर्चीमागे उभ्या असलेल्या म्हातारीला मुलाने सिंधीतून प्रश्न समजावून सांगितला, तेव्हा तिने बोटाने खालची फरशी दाखवली. मी मुक्कामाच्या रकान्यात व्हिसाचे उरलेले दिवस आणि पुढच्या रकान्यात ‘नागपूर’ लिहिले. अर्ज स्वीकारला गेला.

करार नोंदवणे त्याहून किचकट निघाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकावर असते. हल्ली हे काम घरबसल्या होते खरे, पण त्या पद्धतीत दोन्ही पक्षांचे आधार आणि अंगठा लागतो, आणि नुकत्याच आलेल्या माणसाजवळ आधार कोठून असणार? म्हणून पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष नोंदणी कार्यालयात जावे लागले. तेथील एका बाबूने पाकिस्तानचा हिरवा पासपोर्ट पाहताच तो टेबलावर परत सरकवला आणि “हे आमच्याकडे होत नाही” एवढेच सांगितले. कोणत्या नियमाने होत नाही, ते लेखी द्यावे, असे वकिलांनी शांतपणे म्हटल्यावर तो आत जाऊन आला आणि काम सुरू झाले. माझ्या मते या साऱ्या व्यवहारातला सर्वांत उपयोगी शब्द ‘लेखी’ हाच ठरला.

एलटीव्हीसाठी भारतीय नागरिकाचे हमीपत्र लागते. ते शेजाऱ्याने दिले; मी नोंदणीकृत करार, वीजबिल, घरटॅक्सची पावती आणि संमतीपत्र दिले. चौकशीला आलेल्या हवालदाराने वरच्या माळ्यावर जाऊन भांडीकुंडी, बिछाने पाहिले, माझा जबाब घेतला आणि चहा नाकारला. मंजुरीला बराच काळ गेला, परंतु ती आल्यावर कामे भराभर मार्गी लागली, कारण 2016 मध्ये केंद्राने एलटीव्हीधारकांना बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना आणि स्वयंरोजगार यांची मुभा दिलेली होती. नवऱ्याने कापडाच्या दुकानात बसणे सुरू केले आणि भाडे खात्यातून येऊ लागले.

2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या वेळी वस्तीत पेढे वाटले गेले, पण आमच्या भाडेकरूंना त्याचा उपयोग नव्हता. त्यातली सवलत 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांनाच आहे आणि हे लोक साडेतीन वर्षे उशिरा आलेले. त्यांना जुन्याच नियमाने बारा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागेल. ते दाखवायचे कशावरून, तर एलटीव्हीच्या मुदतवाढींवरून आणि त्यांना जोडलेल्या माझ्या भाडेकरारांवरून. मधला एखादा करार राहिला तर त्या काळात हे कुटुंब कोठे होते, याचे उत्तर त्यांनाच द्यावे लागेल. छावणी असती तर हा हिशेब सरकारी वहीत राहिला असता. आता तो आमच्या लोखंडी कपाटातल्या एका फाइलीत आहे.

एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली, त्या रात्री वरचा माळा झोपला नाही. हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे एलटीव्ही कायम राहतील, असा खुलासा सरकारने लगेच केला होता, तरी पोलिसांचा पडताळणीचा फोन मला आलाच. मी फाइल घेऊन गेलो. त्यांनी करारावरची मुदत पाहिली, प्रत ठेवून घेतली आणि हा करार संपण्याआधी नवा नोंदवून आणा, असे सांगितले. आता भाडेकरूंकडे आधार असल्याने तो घरबसल्या नोंदवता येतो.