क्लच जड झालाय? स्प्रिंगला हात लावण्याआधी वायर बघा

"भाऊ, क्लच लय जड होऊन राहिला" असं सांगितलं की बऱ्याच गॅरेजवर एकच उत्तर येतं: प्लेटा बदला, नाहीतर नरम स्प्रिंगा टाका. दोन्हींत इंजिन उघडावं लागतं. जुन्या स्प्लेंडरपासून लोखंडी इंजिनाच्या बुलेटपर्यंत बहुतेक गाड्यांत दोष मात्र क्लच वायरमध्ये असतो. नागपूरच्या व्हरायटी चौकात मे महिन्याच्या उन्हात क्लच धरून बोटं भरून येतात, त्यातला बराच जोर प्लेटांपर्यंत पोचतच नाही, वायरमध्येच जिरतो.

आधी दोष कुठे आहे ते शोधा. इंजिन बंद आणि थंड हवं. अॅडजस्टर (वायरची ढील कमी-जास्त करायचा स्क्रू) पूर्ण सैल करून वायरचं खालचं टोक इंजिनाकडच्या आर्ममधून, म्हणजे वायर ज्याला ओढते त्या दांड्यातून, सोडवा. आता लिव्हर दाबा आणि खालून तार ओढून तो परत आणा. असं चार-सहा वेळा करा. लिव्हर एका बोटाने फिरायला हवा. खरखर लागली किंवा मध्येच अडकलं, तर दोष वायरचा नाहीतर लिव्हरचा. मग आर्म हाताने हलवा. प्लेटांचा दाब येईपर्यंतची सुरुवातीची ढील अगदी हलकी हवी. तिथेच तो कुरकुरत असेल तर आर्मचा शाफ्ट गंजलाय किंवा कोरडा पडलाय.

वायर इतका जोर का खाते, ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. तार सरळ असते तेव्हा घर्षण फार नसतं. वळणावर ती कव्हरच्या आतल्या भिंतीवर दाबली जाते, आणि घर्षण वळणागणिक गुणाकाराने वाढतं. हँडलपासून इंजिनापर्यंतची सगळी वळणं मिळून १८० अंश धरा. घर्षणाचा गुणांक ०.०८ असेल, म्हणजे वायर गुळगुळीत असेल, तर आर्मवर १० किलोचा ओढा मिळायला लिव्हरकडून सुमारे १३ किलो लागतो. धूळ आणि गंजाने तोच गुणांक ०.२ झाला, की जवळजवळ १९ किलो. स्प्रिंग तीच, प्लेटा त्याच. म्हणून मार्ग सरळ करणं हे तेल घालण्याइतकंच मोलाचं. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून बघा: वायर कुठे दुमडते, हेडलाईटच्या मागे चेपते का, प्लास्टिकच्या पट्टीने आवळली आहे का, सिलेंडरला टेकून कव्हर वितळलंय का. उंच हँडल बसवलेल्या गाडीत जुनीच वायर ताणून घातलेली असेल, तर तिथे तेलाने काही होणार नाही.

नागपूरच्या उन्हात लिव्हरजवळचं रबरी टोपण तडकतं. त्या फटीतून उन्हाळ्यात धूळ जाते, पावसाळ्यात पाणी, आणि आत काळा लगदा तयार होतो. तो धुवायला वायर गाडीवरून पूर्ण काढून उभी टांगा. वरच्या टोकाला प्लास्टिकची छोटी पिशवी टेपने घट्ट बांधून नरसाळं करा, त्यात थोडं रॉकेल किंवा डिझेल टाका आणि तार वर-खाली करत राहा. खालून आधी काळं पाणी येईल. स्वच्छ येऊ लागलं की निथळू द्या. मग शिलाई मशीनचं तेल किंवा पातळ इंजिन ऑईल ५ ते १० मिली टाकून रात्रभर टांगलेली ठेवा. ग्रीस नको, ते आत जातच नाही. चेनचा मेणवाला स्प्रेही नको, त्यावर धूळ चिकटते. गंज सोडवणारा स्प्रे साफ करतो, पण लवकर उडून जातो. त्यानंतर तेल घालावंच लागतं.

निपलपाशी, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या बोंडापाशी, एक जरी धागा तुटलेला दिसला तर तेल घालत बसू नका, वायर बदला. नवी वायर दुकानातच गोल वळवून तार ओढून बघा, आणि कव्हरची लांबी जुन्या वायरशी मिळवा. दोन-तीन सेंटिमीटर जास्त असली तरी गाडीवर फुकटचं वळण पडतं. आत नायलॉनचं अस्तर असलेली मिळाली तर तीच घ्या. तिला जवळपास तेल लागतच नाही.

लिव्हर ज्याभोवती फिरतो तो पिव्होट बोल्ट काढून पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या आणि नट इतकाच आवळा की लिव्हर चिमटला जाणार नाही. निपल लिव्हरच्या भोकात फिरायला हवा. तो अडकला की प्रत्येक वेळी तार त्याच जागी वाकते आणि तिथेच तुटते. बदली लिव्हर घेताना पिव्होट ते निपल हे अंतर मोजा. मूळ २५ मिमी असून नवा २८ मिमीचा निघाला, तर क्लच १२ टक्के जड होणारच.

आर्मचा कोनही बघा. क्लच अर्धा दाबलेला असताना वायर आणि आर्म यांत काटकोन हवा. तो कोन ६० अंशांवर गेला की जोर १५ टक्के जास्त लागतो.

एवढं करूनही जड असेल, तरच स्प्रिंगांकडे वळा. कार्सचं ऑईल टाकल्याने क्लच घसरू लागला आणि त्यावर उपाय म्हणून आधी कुणीतरी कडक स्प्रिंगा बसवल्या, असं जुन्या गाड्यांत होतं. तिथे जासो एमए किंवा एमए२ दर्जाचं मोटारसायकलचं ऑईल आणि मूळ मापाच्या स्प्रिंगा टाका. स्प्रिंग कापून नरम करू नका: कापलेल्या स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब कमी होतो, पण ती उलट ताठर बनते. दाब कमी पडल्याने क्लच घसरतो, चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं आणि गाडी जागची वाढत नाही.

लांब आर्म किंवा 'ईझी क्लच' म्हणून विकली जाणारी जोडणी शेवटी. आर्म १० टक्के लांब केला तर जोर साधारण ९ टक्के वाचतो, पण प्लेटा उचलण्याचं अंतरही तेवढंच घटतं. लिव्हरच्या बुडाशी २ ते ३ मिमी ढील ठेवून गाडी उभी असताना न्यूट्रल लावून बघा. लागत नसेल, पहिला गिअर टाकताना धक्का बसत असेल, तर तुमच्या गाडीत तेवढं अंतर शिल्लक नाही. जुना आर्म परत बसवा.