सोनाराच्या काट्यावर पिस्टन

कणकवलीच्या बाजारात सोनाराकडे चार पिस्टन घेऊन गेलो, तेव्हा एक बाई मंगळसूत्राच्या वाट्या बघत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग काळ्या नखांकडे, आणि वाट्या मुठीत घेतल्या. सोनारानं चष्मा कपाळावर सरकवला. "ह्यो कसलो दागिनो?"

दागिना बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचा. 1089 सीसी, चार सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास 68 मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली धाव 75. आचऱ्याच्या घरी मांगराला, म्हणजे शेतावरच्या खोपटाला, टेकून ती बारा वर्षं उभी होती. खाऱ्या वाऱ्यानं दारं खाल्ली, पण इंजिन शाबूत होतं. ते मोडायचं पुण्य माझ्याच पदरी आलं. एअर फिल्टर धुवायला काढला आणि कार्ब्युरेटरचं तोंड उघडं ठेवून जेवायला गेलो. रात्री मिरगाचा पाऊस कोसळला. बॉनेटला तर भोकंच भोकं. सकाळी भाच्यानं उत्साहाच्या भरात गाडी टेम्पोला बांधली, गिअरमध्ये टाकली आणि ओढली. तिसऱ्या सिलिंडरमध्ये पाणी उतरलं होतं. हवा दाबली जाते, पाणी नाही. 'खट्ट' झालं, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला, पिस्टन गेला.

मग सुरू झाली जुळवाजुळव. कुर्ल्याच्या भंगारात दोन पिस्टन मिळाले, तेही 0.4 मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे. नाइलाजानं ब्लॉक फोंडा घाटातून कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात नेला आणि चारही सिलिंडर 68.4 ला बोअर करून आणले. उरलेले दोन पिस्टन तिथेच मिळाले. आता हिशेबानं इंजिन 1102 सीसीचं झालं. आरसी बुकात मात्र अजून 1089 च आहे, आणि तिथे ते तसंच राहू दे.

एवढं झाल्यावर मला वाटलं, माप एक, भोक एक, टाका आत. मेस्त्रींनी चारही पिस्टन पाटावर ओळीनं मांडले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. "हे दोन खंयसून आणलस? हे भाव न्हय, चुलतभाव."

पिस्टन ज्या पिनेनं रॉडला जोडतात त्या गजन पिनपासून डोक्यापर्यंतची उंची त्यांनी मोजली. ती सुदैवानं सारखी निघाली. नसती तर प्रत्येक सिलिंडरचा दाब निराळा झाला असता. फरक वजनात होता, म्हणून सोनाराची वारी. काट्यावर सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड यांत नऊ ग्रॅमचं अंतर. सोन्यात नऊ ग्रॅम म्हणजे भानगडच. लोखंडाच्या धंद्यात कोण विचारतो, असं मी म्हणालो, तर मेस्त्रींनी गणित घातलं: इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं, तेव्हा प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा खाली जाऊन वर येतो. एक आणि चार बरोबर वर येतात, तेव्हा दोन आणि तीन खाली. एक बाजू जड असली की सगळा थरथराट बेअरिंगवर आणि बसणाऱ्याच्या दातांवर.

"मग हलक्याला जड करूया," मी म्हटलं.

"हलक्याक जड कसो करतलंस? जडाक हलको कर."

दोन दिवस मी अंगणात बसून पिस्टन आतून घासत होतो. बाहेरच्या अंगाला कानस लावायची नाही, पिन बसते त्या भोकाखाली जिथे जाडी आहे तिथूनच काढायचं. चिमूटभर चुरा काढायचा, बाजार गाठायचा, काटा बघायचा. तिसऱ्या खेपेला सोनारानं चहा मागवला. पाचव्या खेपेला त्यानं स्वतःच रॉडचं एक टोक दोऱ्यानं टांगून दुसरं टोक काट्यावर ठेवलं, कारण रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी तोलायची असतात हे एव्हाना त्यालाही कळलं होतं. मजुरी घेतली नाही. गाडी सुरू झाली की त्याला कुणकेश्वराला न्यायचं ठरलंय.

सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम 1-3-4-2 आहे, हे त्यालाच सांगताना लक्षात आलं की आमच्या वाडीत गणपतीच्या आरत्याही अशाच फिरतात. आधी थोरलं घर, मग मधलं टाकून पलीकडचं. का, ते कोणी विचारत नाही. विचारलं तर भांडण होतं.

एक जोडी मात्र जुळली नाही. कनेक्टिंग रॉड आणि खालची त्याची कॅप कारखान्यात एकत्र बोल्ट करूनच गोल बोअर करतात, आणि दोघांवर एकच नंबर ठोकतात. रॉड बदलला की कॅपही त्याचीच लागते. त्यामुळे तीन नंबरची आमची कॅप, जिला ओरखडासुद्धा नाही, ती जन्माची रिकामी झाली. मी ती भंगारात टाकायला काढली होती. आईनं उचलून घेतली.

आता खळ्यात सोलां वाळत घातली की फडक्याच्या एका कोपऱ्यावर ती कॅप असते. लोखंडाला कोकमाचा रस लागू नये म्हणून खाली फणसाचं पान. बाकीच्या तीन कोपऱ्यांवर गडनदीतले गोटे.