माडीवरचं नेट

बाबांची बायपास झाली आणि मी पुण्याचं बिऱ्हाड आवरून रत्नागिरीला घरी आलो. ऑफिसने घरून काम करायला होकार दिला होता. बसायची जागा माडीवर, कारण खाली बाबांना बघायला येणाऱ्यांची वर्दळ. पण माडीवर नेट चाललं नाही तर मला पुण्याला परतावं लागणार होतं, आणि आईवर सगळं टाकून जायला मन घेत नव्हतं. त्यामुळे हे प्रकरण मी फार मनावर घेतलं.

आमचं घर चिऱ्याचं. बाहेरची भिंत गिलाव्यासकट सव्वा फूट, आतल्याही चिऱ्याच्याच. फायबर येतं ते ओटीवर, प्लॅन २०० एमबीपीएसचा. नेटवाल्यांच्या मोडेमची रेंज माजघरातच संपायची, म्हणून मी तीन डब्यांचा मेश राउटर आणला, म्हणजे एकमेकांना नेट पुढे देत घरभर एकच वाय-फाय पसरवणारे डबे. पहिला डबा ओटीवर, दुसरा मागच्या पडवीत जिन्यापाशी, तिसरा माडीवर माझ्या टेबलावर. मोबाइलवर सगळीकडे रेंजच्या कांड्या भरलेल्या. आणि माडीवर स्पीड १८.

पहिला आठवडा मी नेटवाल्यांना फोन करण्यात घालवला. त्यांचं एकच उत्तर, "सर, आमच्याकडून स्पीड बरोबर येतंय." मी तीन वेळा सगळे डबे बंद-चालू केले, एकदा रीसेट करून नव्याने जोडले. फरक शून्य. एका सकाळी टीमसमोर बोलत होतो आणि माझा आवाज तुटायला लागला. समोरचे सगळे गोठल्यासारखे दिसत होते. खालून बाबांनी हाक मारली, "काय रे, परत गेलं?" त्यांच्या आवाजात काळजी होती. माझ्यामुळे त्यांना काळजी लागावी हे मला सोसवेना. त्या शनिवारी मी वही घेऊन बसलो आणि एकेक टप्पा वेगळा मोजायचा ठरवलं.

लॅपटॉपला वायर लावून थेट मोडेमला जोडला. २०३. म्हणजे नेटवाले खरं सांगत होते. मग तीच वायर मेशच्या पहिल्या डब्याला लावली. ९४. पुन्हा मोजलं, ९४. तिसऱ्यांदा ९३.

हा आकडा ओळखून ठेवण्यासारखा आहे. वाय-फायचा स्पीड सतत खालीवर होतो, तो कधी असा एका जागी बसत नाही. ९४ वर अडलेला स्पीड म्हणजे वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची वायर किंवा १०० चं पोर्ट, म्हणजे वायर खोचायची जागा, आहे. त्या १०० मधले पाच-सहा डेटाच्या पाकिटांच्या वेष्टनात जातात, हातात ९४ उरतात.

मोडेम आणि पहिला डबा यांच्यामध्ये दाराच्या चौकटीवरून गेलेली एक जुनी वायर होती, पूर्वी केबलचं नेट होतं तेव्हाची. तिची पिन काढून खिडकीपाशी उजेडात धरली. पारदर्शक प्लास्टिकच्या आत आठ तारा दिसायला हव्यात. नारिंगी जोडी पुढच्या टोकापर्यंत पोचलेली, हिरवी पोचलेली, निळीही. तपकिरी आणि पांढरी-तपकिरी मात्र दोन-तीन मिलिमीटर मागेच राहिलेल्या, पितळी दातांच्या खाली आल्याच नव्हत्या. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरवी या चारच तारा पुरतात. त्याच्या वर जायचं तर आठही लागतात. दोन्हीकडची यंत्रं आपसात ठरवतात की चारच तारा मिळतायत तर १०० वर चालू, आणि कुठेही लाल दिवा न लावता वर्षानुवर्षं तशीच चालत राहतात. जुन्या केबलच्या नेटचा स्पीडच कमी होता, त्यामुळे तेव्हा कुणाला कळायचं कारण नव्हतं.

ओळखीच्या वायरमनदादाला बोलावलं. त्याने पिन कापली, तारा सरळ करून एका रेषेत कापल्या, नवी पिन दाबली आणि टेस्टर लावला. एक ते आठ दिवे ओळीने लागले. ओटीवर स्पीड २०० झाला.

मला वाटलं, सुटलं. माडीवर जाऊन बघतो तर २२.

खरा गुंता पुढेच होता. मेशमध्ये मोबाइलवर दिसणाऱ्या कांड्या आपण आणि आपल्या जवळचा डबा यांच्यातल्या असतात. त्या डब्याला मागच्या डब्याकडून किती मिळतंय हे त्या सांगत नाहीत. विहिरीला पाणी नसताना नळ चकचकीत असून काय उपयोग! डब्यांच्या आपसातल्या जोडणीचा आकडा मला ॲपमध्ये बऱ्याच आत, डब्याच्या माहितीच्या पानावर सापडला. पडवीतल्या डब्याला ओटीवरच्या डब्याची रेंज उणे ७८ डीबीएम मिळत होती. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप. हे आकडे उणे असतात आणि शून्याकडे जातील तितके चांगले. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत काम नीट चालतं, ७५ च्या पुढे ओढाताण. रेंज इतकी पडल्यामुळे ते दोन डबे आपसात ५ गिगाहर्ट्झ सोडून २.४ वर आले होते. वाय-फायच्या लहरींचे हे दोन पट्टे, म्हणजे बँड. २.४ लांब जातं पण संथ असतं. त्यात भर अशी, की माझे डबे दोन बँडचे आहेत. ज्या बँडवर मधला डबा ओटीकडून घेतो त्याच बँडवर त्याला पुढे माडीला द्यावं लागतं. घेताना देता येत नाही, म्हणून प्रत्येक मुक्कामाला स्पीड साधारण अर्धा होतो.

चूक डब्याच्या जागेत होती. माडीवर रेंज नाही म्हणून मी मधला डबा माडीच्या जास्तीत जास्त जवळ, म्हणजे ओटीपासून जास्तीत जास्त लांब ठेवला होता. डबा ठेवायचा असतो तो जिथे आधीच्या डब्याची रेंज अजून दणकट आहे तिथे. शिवाय पडवीत त्याच्या मागेच आईचं लोखंडी कपाट, आणि ओटी ते पडवी ही वाट घरातून तिरपी जाते. तिरपी गेली की नऊ इंचांची भिंत बारा-तेरा इंचांची होते.

मी डबा हातात घेऊन घरभर फिरलो. आई एक्स्टेन्शनची वायर सोडत मागून येत होती. देवघराच्या कोनाड्याशेजारी उणे ६८. माजघराच्या मधल्या खांबाला, ओटीचं दार जिथून सरळ दिसतं तिथे, उणे ५८. दार लाकडी आणि दिवसभर उघडं. ७८ वरून ५८ म्हणजे नुसती वीसची सुधारणा वाटते, पण दर दहाला ताकद दहापट होते, म्हणजे शंभरपट. आणि त्या खांबाच्या बरोब्बर वर माडी आहे, मध्ये फक्त लाकडी तक्तपोशी. चिरा जे अडवतो त्यातलं बहुतेक सागाची फळी सोडून देते. सिग्नल जिन्याने वर न्यायचा माझा हट्ट होता, त्याला तर फळीतून सरळ वर जाता येत होतं.

माडीवर स्पीड ८५ आला. आईने खालून विचारलं, "झालं?" मी तिला आकडा ओरडून सांगितला.

तरी दुपारी कधीतरी आवाज तुटायचाच. मीटिंगला स्पीड फार लागत नाही, चांगल्या व्हिडिओलाही ३-४ एमबीपीएस पुरतात. आवाज तुटतो तो डेटा एका चालीने येत नाही म्हणून. लॅपटॉपवरून पहिल्या डब्याला पिंग लावून ठेवला, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजत राहिलो. ४, ५, ४, आणि मध्येच ३१०. दोन कारणं निघाली. नेटवाल्यांच्या मोडेमचं स्वतःचं वाय-फाय चालूच होतं, पहिल्या डब्यापासून चार हातांवर आणि २.४ वर त्याच चॅनलला. बाबांचा मोबाइल अजून त्यालाच जोडलेला होता. ते वाय-फाय मोडेममधून बंद केलं. दुसरं म्हणजे माझा लॅपटॉप जेवून वर आल्यावरही माजघरातल्या डब्याला धरून राहायचा, टेबलावर तिसरा डबा असताना. कुठल्या डब्याला चिकटायचं हे बहुतांशी लॅपटॉप ठरवतो, राउटर नाही. वर आल्यावर वाय-फाय एकदा बंद करून चालू करायची सवय लावून घेतली.

पुढच्या आठवड्यात मात्र वायरच टाकली. २० मीटर कॅट-सिक्स, म्हणजे आठ तारांची नेटची वायर, ओटीच्या खांबाला धरून वर, तक्तपोशीच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून माडीवर. भिंतीला एकही भोक पाडावं लागलं नाही. तीनशे चौरस फुटांच्या दोन खोल्या असत्या तर इतकं करायची गरज नव्हती, पण जाड भिंतींच्या जुन्या घरात निदान एका डब्याला वायर द्याच असं मी सांगेन. मेश घ्यायच्या आधी ती कुठून जाईल ते बघून ठेवा. आता माडीवर वाय-फायवर १८० च्या खाली सहसा येत नाही, पिंग ३-४.

माजघरातला डबा तिथेच खांबाला आहे. परवा बाबांची डॉक्टरांशी व्हिडिओवर तपासणी झाली, वीस मिनिटं. टाक्यांची जागा दाखवायला त्यांनी मोबाइल छातीजवळ नेला आणि डॉक्टर म्हणाले, "स्पष्ट दिसतंय काका, तसाच धरा."