बंद हॉटेलातली बॉलरूम

आज मालकाची रीतसर परवानगी घेऊन एका बंद पडलेल्या जुन्या हॉटेलात फोटो काढत फिरलो. खोल्या यथातथाच. ओल, पोपडे, कबुतरांची घाण. पण बॉलरूम! नाचणाऱ्यांच्या गुडघ्यांना हादरे बसू नयेत म्हणून अशा दालनांची लाकडी जमीन मुद्दाम लवचिक करतात. इथली अजून पावलागणिक किंचित दबत होती. (की कुजली होती? मी आपला भिंतीच्या कडेकडेने चाललो.) खिडक्यांत झगझगीत ऊन, कोपऱ्यांत मिट्ट काळोख, एका फोटोत दोन्ही मावेनात. मग ट्रायपॉड लावला, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ठेवून कमी-जास्त एक्स्पोजरचे, म्हणजे कमी-जास्त उजेड आत घेणारे, ३ फोटो घेतले आणि जोडून एकच केला. फ्लॅश नाहीच, त्याने पोपड्यांच्या सावल्या मरतात. आरशांच्या फोटोंत मीच मिरवतोय, ते बाद. बाकीचे टाकतो सावकाश.