काकू, हात अजून थोडा वर

आमच्या गावाला कोकणात कुणाच्या कंबरेत उसण भरली की आधी पायाळू माणसाची शोधाशोध सुरू व्हायची. पायाळू म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला, अशा माणसाने कंबरेला पाय लावला की उसण पळते अशी सगळ्यांची समजूत, आणि वाडीत असा एक तरी असायचाच, त्या बिचाऱ्याला रात्री-अपरात्री झोपेतून उठवून आणायचे. मग पुढे निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मिठाची पुरचुंडी, फडक्यात गुंडाळलेली गरम वीट, गुडघे धरले असतील तर एरंडाच्या पानाला तेल लावून ते बांधणं. या सगळ्यात एक गोष्ट कॉमन बघा, ज्याचं दुखतंय त्याने स्वतः काही म्हणजे काहीच करायचं नाही, नुसतं पडून राहायचं आणि कण्हायचं. पाय लावायचा तोसुद्धा दुसऱ्याचाच.

आता पायाळू मिळत नाहीत. शहरात ती पोरं बहुतेक सिझरने येतात, त्यांच्यात तो गुण उतरतो की नाही कोण जाणे. त्यांच्या जागी गल्लोगल्ली फिजिओथेरपीचे क्लिनिक आलेत, आमच्या ठाण्यात तर केमिस्ट आणि पोळीभाजी केंद्र यांच्यामधल्या गाळ्यात एक असतोच. आणि आपण तिथे जातो ते मनात तेच जुनं घेऊन, की आता कुणीतरी काहीतरी लावेल आणि आपलं दुखणं पळेल. आणि तिथली ती पंचविशीतली मुलगी आपल्यालाच कामाला लावते!

माझा खांदा धरला, उजवा. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे फळ्याशी रोजचा संबंध. आमच्याकडे तारीख फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात अगदी वर लिहायची पद्धत आहे, ती माझी हळूहळू खाली सरकायला लागली, मला कळलंच नाही, सहावीतल्या एका कार्ट्याने विचारलं, बाई तारीख रोज घसरते का हो? तेव्हा लक्षात आलं. मग बाकीचं पण लक्षात यायला लागलं, केसांना चाप लावताना मान खाली घालायची आणि हाताजवळ डोकं न्यायचं, ब्लाउज आधी दुखऱ्या हातात चढवायचा, लोकलमध्ये उभं राहायचं तर डाव्या हाताने कडी धरायची, आणि रात्री त्या कुशीवर वळलं की जीव जायचा. एक्सरे काढला, तो नॉर्मल. एक्सरे नॉर्मल आला की माणसाला आनंद व्हायला हवा ना, पण नाही होत, इतकं दुखतंय आणि काही दिसतच नाही म्हणजे लोकांना वाटणार हिची नाटकं आहेत.

क्लिनिकमधल्या मॅडमने (मॅडम म्हणायचं, वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनीएवढी असली तरी) पहिला प्रश्न विचारला तो खांद्याचा नव्हताच, काकू शुगर कधी तपासलीत? आणि थायरॉइड? कारण डायबेटिस असलेल्यांना फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडून घट्ट होणं, जास्त होतो, चाळिशी ते साठीच्या मधे जास्त, आणि बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. मग तिने माझा हात मला वर करायला सांगितला, गेला तेवढा गेला, मग स्वतः धरून वर न्यायला बघितला, तरी तेवढाच. कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायला लावला तर तो जवळजवळ जागेवरच. यातच तिचं निदान होतं, असं तिने नंतर सांगितलं. नुसता खांद्याच्या स्नायूला हाडाशी बांधणारा दोर फाटला असेल तर पेशंटला स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर बऱ्यापैकी जातो. फ्रोझनमधे कुणीही उचला, हात अडतो तो अडतोच, आणि बाहेर फिरवणं सगळ्यात आधी जातं. मग तिने दोन लांब पट्ट्यांचा प्लास्टिकचा कोनमापक काढला, गोनिओमीटर, आणि माझे कोन मोजून फाइलवर लिहिले. आयुष्यभर पोरांना कोन मोजायला लावलेत मी, स्वतःचा कोन 180 पैकी 95 निघालेला पहिल्यांदाच बघत होते.

कारण तिने छान समजावलं. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ आवरण असतं, कॅप्सूल, ते मुळात ऐसपैस सैल असतं म्हणून तर हात चारी दिशांना फिरतो. ते सुजतं, जाड होतं आणि आकसतं. म्हणजे धुतल्यावर आटलेल्या ब्लाउजमधे हात घातल्यावर जे होतं ना, ते आतून होतं. याच्या तीन पायऱ्या, आधी नुसतं दुखतं आणि हात कमी कमी होत जातो, मग दुखणं जरा उतरतं पण खांदा घट्टच राहतो, आणि मग हळूहळू सुटायला लागतो. सगळं मिळून एक वर्ष ते तीन वर्षंसुद्धा लागतात. हे ऐकून मी हादरले, पण मला तिचं हे आवडलं की तिने आठ दिवसात बरं करते असं नाही सांगितलं. आणि पहिल्या दुखऱ्या काळात जबरदस्तीने हात खेचायचा नाही, कुणाकडून रगडून घ्यायचं नाही, हेही बजावलं, तेव्हा फारच दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडून सांध्यात इंजेक्शन घेतात काही जण, त्याने दुखणं कमी होऊन व्यायाम करता येतो.

व्यायाम काय, तर ओट्याला डावा हात टेकून कंबरेत वाकायचं, दुखरा हात लोंबता सोडायचा आणि अंग हलवून त्याला झुलू द्यायचं, आधी पुढेमागे, मग बाजूला, मग गोल. हात स्वतः हलवायचा नाही, तो हलला पाहिजे. याला क्लिनिकमधे सगळे कॉडमन म्हणतात, काकू कॉडमन झाले का? मला वाटायचं व्यायामाचं नाव आहे, पण तो माणूस होता, बॉस्टनचा सर्जन, फ्रोझन शोल्डर हे नावसुद्धा त्यानेच 1934 मधे दिलेलं. मग भिंतीवर एक खाचांची लाकडी पट्टी असते, तिच्यावर बोटांनी एक एक खाच चढत जायचं. घरी आम्ही भिंतीवर पेन्सिलच्या खुणा केल्या आणि दिवाळीला दिलेल्या नव्या रंगाचं काय केलंस म्हणून ह्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं. तारीख आता फळ्यावर पुन्हा वर चढतेय, अगदी कोपऱ्यात नाही पोचली अजून.

पण मला सांगायचंय ते बाकीच्यांबद्दल, कारण अशा क्लिनिकमधे स्वतःच्या दुखण्यापेक्षा दुसऱ्यांचं बघायला जास्त मजा येते. सगळ्यात लोकप्रिय गोष्ट म्हणजे मशीन. आमच्याकडे त्याला करंट म्हणतात. करंट लावला का, आज करंट जोरात ठेवा हं, असं. चार पॅड कंबरेला नाहीतर गुडघ्याला लावतात, बटण फिरवलं की मुंग्या येतात, वर पडदा ओढून घेतात, पंखा असतो, आणि पंधरा मिनिटं कुणी हाक मारत नाही. संसारात इतकी निवांत पंधरा मिनिटं मिळतात कुठे? एक काका तर चक्क घोरतात. आणि टुणटुण वाजलं की उठतात, चपला घालतात, मॅडम जरा घाईत आहे व्यायाम घरी करतो. घरी काय करतात ते त्यांच्या बायकोने आम्हाला सांगितलंय.

मशीन खोटं आहे असं अजिबात नाही. पोर पडलं की आई आधी ती जागा चोळते, त्याने खरंच दुखणं कमी होतं, कारण स्पर्शाचा निरोप पाठीच्या कण्यात पोचला की दुखण्याच्या निरोपाला पुढे जायला तेवढी वाट मिळत नाही. मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी 1965 मधे हे गेटचं तत्त्व मांडलं आणि या करंटच्या मशीनमागे मुख्य विचार तोच. पण आराम मिळतो तो तात्पुरता. तेवढ्या वेळात व्यायाम उरकून घ्यायचा असतो. म्हणजे दार उघडून दिलंय आणि काका उंबरठ्यावरच झोपतात.

दुसऱ्या टोकाला आमच्या गुडघेवाल्या आजी. पंच्याहत्तरीच्या पुढच्या. गुडघे झिजले असं कळल्यावर त्यांनी घरात बसायचं ठरवलं, झिजलेली वस्तू कमी वापरावी हा साधा हिशोब, भांड्याकुंड्यांना लागू पडतोच. पण गुडघ्याच्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्याच नसतात, तिला खाणंपिणं मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातून, आणि ते पाणी आतबाहेर व्हायचं तर पायावर वजन पडायला हवं आणि सुटायलाही हवं. म्हणजे चालायलाच हवं. शिवाय बसून राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू वाळतो, तो वाळला की सगळा भार थेट सांध्यावर, मग जास्त दुखतं, मग अजून बसायचं. आणि वजन... एक किलो कमी झालं तर चालताना गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो म्हणतात, हे ऐकल्यापासून आजींनी चहातली साखर अर्धी केलीय, बिस्किटं मात्र सोडली नाहीत.

आजींचा व्यायाम दिसायला काहीच नाही. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि ती गुंडाळी गुडघ्याने खाली दाबायची, दहा आकडे धरून ठेवायची, सोडायची. आजी आकडे मोजत नाहीत, विठ्ठल विठ्ठल म्हणतात. मॅडमने एकदा घड्याळ लावून बघितलं, आणि सांगितलं आजी तुमचा विठ्ठल फार पळतोय, सावकाश घ्या. आता आजी प्रत्येक विठ्ठलाला लांबवतात आणि मधेच डोळा उघडून आपल्याकडे कुणी बघतंय का ते बघतात.

एक प्रश्न मॅडम प्रत्येक नव्या पेशंटला विचारते, तुम्हाला काय करता यायला हवंय? किती दुखतंय शून्य ते दहा सांगा, हेही विचारते, पण हा प्रश्न मला जास्त हुशारीचा वाटतो. आजींना मांडी घालून पूजेला बसायचं होतं, त्यावर बरीच घासाघीस झाली, शेवटी देव जमिनीवरून टेबलावर आणि आजी खुर्चीत, पण देवळाच्या पायऱ्या चढायच्या हे कबूल झालं. एका रेल्वेवाल्या काकांना स्टेशनचा पूल चढायचा होता. त्यांना तिने शिकवलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि कठडा धरायची लाज नाही बाळगायची. हे इतकं साधं आहे, पण आपल्याला कुणी शाळेत सांगितलंय? मी मास्तरीण असून मला माहीत नव्हतं.

प्लास्टरवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. बाथरूममधे पाय घसरून मनगट मोडलेल्या एक ताई आल्या होत्या, हाड मस्त जुळलं होतं, पण बोटं लाकडासारखी ताठ, मूठच वळेना. प्लास्टर मनगटाला होतं हो, बोटांना नव्हतं, मॅडम म्हणाली, पण सगळा पंजाच झोळीत सांभाळून ठेवलेला. घरच्यांनी प्रेमाने घासही भरवला असणार. आपल्याकडे काळजी घेणं म्हणजे हलू न देणं. हाडसुद्धा भार पडला तरच मजबूत राहतं, अवकाशात राहणाऱ्या अंतराळवीरांचं खुब्याचं हाड महिन्याला एक टक्क्याच्या वर घटू शकतं, म्हणून त्यांना तिथे रोज दोनेक तास व्यायाम करावाच लागतो, इथे आपण पृथ्वीवर राहून फुकट मिळणारं वजन वापरत नाही.

आपल्याकडे फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं तेच मुंबईत, केईएम हॉस्पिटलमधे, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या काळात. माझ्या आईच्या पिढीत वर्गात पोलिओमुळे पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, घातलेलं एखादं पोर असायचंच. 2014 मधे भारत पोलिओमुक्त जाहीर झाला आणि आता त्याच विद्येचे लोक आमच्यासारख्या मोबाइलमधे मान घातलेल्यांचे खांदे सोडवत बसतात, त्यांना काय वाटत असेल!

बाकी दोन गोष्टींचा राग येतो. एक ते रील्स आणि फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड, कंबरदुखीवर रामबाण एकच व्यायाम. कंबरदुखी काय एक प्रकारची असते का, मणक्यांमधली गादी सरकलेल्या बऱ्याच जणांना पुढे वाकलं की वाढतं, आणि मणक्यातली जागा अरुंद झालेल्यांना पुढे वाकल्यावरच बरं वाटतं, दोघांनी तोच व्हिडिओ बघून तोच व्यायाम केला तर एकाची तरी वाट लागणार. आणि पायात मुंग्या-बधिरपणा, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, कारण नसताना घटलेलं वजन असं काही असेल तर व्यायाम राहू दे, आधी डॉक्टर. दुसरा राग मेडिक्लेमचा. बहुतेक साध्या पॉलिसीत गुडघ्याचं ऑपरेशन बसतं, आणि ते लांबवू शकणारी ही रोजची फिजिओथेरपी बसत नाही कारण तुम्ही अॅडमिट नसता. म्हणजे माणसाने आधी पुरेसं बिघडून यायचं. हा हिशोब मला गणिताची असूनही सुटलेला नाही.

परवा मॅडम माझा हात धरून वर नेताना मधेच थांबली आणि स्वतःचा अंगठा दाबत बसली. दिवसभर दुसऱ्यांचे सांधे दाबून यांचे अंगठे आणि कंबर जातात, या लोकांत हे फार कॉमन आहे म्हणे. मी विचारलं, तुला कोण बघतं गं? म्हणाली कॉलेजच्या सरांनी व्यायाम दिलेत, रबरबँडचे. पलीकडून आजींनी विठ्ठल थांबवून विचारलं, करतेस का? ती काहीच बोलली नाही, उठली आणि पडद्याकडे तोंड करून जोरात ओरडली, काका झोपू नका, मशीन कधीच बंद झालंय.